गच्चीवरचं परमिट रूम, रात्री दीडची वेळ आणि आमची गल्ली: रविवारच्या बैठकीत काय मागू?

सातची शाळा, धरमपेठ

नमस्कार. नागपुरात वेस्ट हायकोर्ट रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत आमचं जुनं घर आहे, सासऱ्यांनी बांधलेलं. कोपऱ्यावरच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर दिवाळीच्या सुमारास एक रेस्टॉरंट सुरू झालं. आधी नुसतं जेवण होतं, जानेवारीपासून दारूही मिळते. काउंटरमागे लायसन्स लावलं आहे. मी जाऊन वाचून आले. वेळ रात्री दीडपर्यंतची आहे. तेव्हा दारू चोरून विकली जाते अशी माझी तक्रार नाही.

तक्रार आवाजाची आहे, आणि तोही सगळा सारखा नाही. गाणी सव्वापर्यंत चालतात. शब्द ऐकू येत नाहीत, पण धप धप एवढंच येत राहतं आणि देवघराच्या कपाटाची काच थरथरते. गाणी थांबली की गेटपाशी निरोप सुरू होतात. अर्धा अर्धा तास. गाडी मागे घेताना वाजणारी ती ट्यून, बुलेट, गल्लीच्या तोंडाशी अडकलेल्यांचे हॉर्न. मग दोनच्या सुमारास मागच्या दाराने पोरं रिकाम्या बाटल्या लोखंडी ड्रममध्ये ओततात. तो आवाज ज्याने ऐकला त्यालाच कळेल. मी पाचला उठते, शाळेची पहिली घंटा 7.10 ची. शेजारचा मुलगा दहावीला आहे, पेपर सुरू आहेत.

आता होळी झाली, कूलर लागायला लागले. सासूबाई 79 वर्षांच्या, त्यांची खोली रस्त्याकडे. एसी लावला की त्यांचे गुडघे धरतात, म्हणून खसचा कूलरच. बाहेरच्यांना हे सांगून पटत नाही, पण कूलर लावला की समोरची दुसरी खिडकी उघडी ठेवावीच लागते, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा. म्हणजे मार्च ते जून आमच्या खिडक्या बंद होऊच शकत नाहीत, आणि नेमक्या याच दिवसांत लोक ऊन उतरल्यावर, रात्री नऊ-साडेनऊनंतर बाहेर पडतात. "खिडक्या लावून घ्या ना मॅडम," असं मॅनेजर मला म्हणाला. मे महिन्यात 45 डिग्रीत?

दुसरी बाजूही सांगते, कारण ती खरी आहे. तो कोपरा आधी काळोखा होता. मुलगी क्लासवरून साडेनऊला स्कूटीने येते, तेव्हा मी फाटकात उभी राहायची. आता तिथे दिवे आहेत, चौकीदार आहे, माणसांची ये-जा आहे. गल्लीतल्याच एका घरचा मुलगा तिथे किचनमध्ये लागला, त्याची आई माझ्याकडे येऊन सांगून गेली की आता कुठे घराला हातभार लागून राहिला. म्हणून मला ते बंद पाडायचं नाही.

रविवारी गल्लीतली बारा-तेरा घरं बसणार आहेत. काहीजण म्हणतात, सह्या करा, आडवी बाटली करा, म्हणजे मतदान घेऊन दारू बंदच पाडा. काहीजण म्हणतात, मोठ्या लोकांचं आहे, काही होणार नाही. मला मधलं काहीतरी कागदावर हवं आहे. काय मागावं? कोणाकडे?

गल्ल्यावरचा, सदर

ताई, मी 19 वर्षांपासून परमिट रूम चालवतो, तेव्हा आमच्या बाजूचं आधी ऐका. नोव्हेंबर 2023 मध्ये परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट 5 चा 10 टक्के झाला. 2025 मध्ये लायसन्स फी 15 टक्क्यांनी वाढली, त्यात उत्पादन शुल्क वाढलं. 14 जुलैला राज्यभर आम्ही बार बंद ठेवले होते ते यासाठीच. फी वर्षाची भरायची, धंदा दिवसाचे चार तास. उन्हाळ्यात साडेनऊच्या आधी टेबल भरतच नाही. शेवटचा दीड तास गेला तर वेटरचे पगार कशातून काढायचे, हा प्रश्न खरा आहे.

तरीपण तुम्ही जे सांगितलं त्यातलं अर्धं अधिक एक पैसाही न गमावता बंद होतं. माझ्या मागच्या बाजूला एक वयस्क जोडपं राहायचं. काका एकदा सकाळी अकराला आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "तुझ्या बाटल्या मी मोजतो रोज. काल एकशे चाळीस होत्या." मला इतकी लाज वाटली की त्या दिवसापासून रात्री बाटली ड्रममध्ये टाकायची नाही असं ठरवलं. जाळीच्या क्रेटमध्ये हाताने उभी ठेवायची, क्रेट आतच राहणार, भंगारवाला सकाळी दहानंतर येणार. दहा मिनिटांचं काम वाढलं, बस.

निरोपांचं म्हणाल तर चूक शेवटच्या ऑर्डरची आहे. दीडपर्यंत दारू दिली तर सगळे एकदम दीडला खाली उतरतात. मी पाऊण वाजता शेवटची ऑर्डर घेतो, एकला गाणी हळू करतो, लाइट वाढवतो. माणसं दोन-दोन, चार-चार करून निघतात. गाड्या मुख्य रस्त्यावरच लावायच्या, गल्लीत एकही नाही, त्यासाठी शिट्टी न वाजवणारा एक माणूस उभा करायचा. हे सगळं मागा. मालक समजदार असेल तर नाही म्हणणार नाही. मॅनेजरशी बोलू नका, मालकाला बोलवा.

काळा कोट, सिव्हिल लाइन्स

ताई, दोन परवानग्या लोक एकात मिसळतात. दीडपर्यंतची वेळ ही दारू देण्याची आहे. त्या वेळेने गाणी वाजवायचा हक्क मिळत नाही. ध्वनिप्रदूषणाचे 2000 चे नियम रात्री 10 ते सकाळी 6 हा काळ रात्र धरतात. त्या वेळात लाउडस्पीकर, म्युझिक सिस्टिम, वाद्य हे बंदिस्त जागेतच, आतल्या आत ऐकू येईल असंच चालतं. गच्चीवर पत्रे टाकले आणि बाजूला प्लास्टिकचे पडदे सोडले म्हणून ती बंदिस्त जागा होते असं मला वाटत नाही. सणासुदीला बारापर्यंत सूट मिळते, पण ते वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस, आणि ते शासन ठरवतं. प्रत्येक शनिवारी कोणाचा तरी वाढदिवस असतो म्हणून ती सूट लागू होत नाही.

मर्यादा रहिवासी भागात रात्री 45 डेसिबल, व्यापारी भागात 55. तुमच्याकडे रस्त्याची बाजू दुकानांची आणि आत घरं, म्हणून कोणता आकडा लावायचा यावर वाद होणार. विकास आराखड्यात तुमची गल्ली कशात आहे ते आधी बघून ठेवा. जवळपास दवाखाना, शाळा किंवा कोर्ट असेल तर त्याभोवतीच्या 100 मीटरचा शांतता क्षेत्राचा नियमही तपासा, तिथे रात्री 40. हॉर्नबद्दलही स्पष्ट आहे: रहिवासी भागात रात्री हॉर्न वाजवायचाच नाही.

आता कोणाकडे. परमिट रूमचं लायसन्स जिल्हाधिकाऱ्यांचं, काम राज्य उत्पादन शुल्क विभागाचं. आवाज पोलिसांकडे. गच्चीवरचं शेड मंजूर नकाशात आहे का, हे महापालिकेच्या धरमपेठ झोनमध्ये. माहितीच्या अधिकारात लायसन्सची प्रत नकाशासकट मागवा. दारू कोणत्या जागेत द्यायची ते त्या नकाशात आखलेलं असतं, त्याबाहेर टेबल लावलं तर तो लायसन्सचाच भंग. आणि घाई करा. लायसन्स दरवर्षी 31 मार्चच्या आत नूतनीकरण करावं लागतं. तुमचा अर्ज त्याआधी फाइलला लागला तर त्याला वजन येतं, एप्रिलमध्ये तोच अर्ज वर्षभर पडून राहील.

आडव्या बाटलीबद्दल: तो मार्ग अख्ख्या वॉर्डाच्या मतदानाचा आहे, बंद की चालू एवढंच त्यात विचारतात. तुम्हाला बाटल्यांचा ड्रम हलवायचा आहे. त्यासाठी वॉर्डभर फिरून सह्या गोळा करण्यात तुमचे सहा महिने जातील आणि शेजार कायमचा तुटेल.

मनीषनगर

मला वरच्या दोघांइतका विश्वास नाही. आमच्याकडेही मालकाला बोलावलं होतं, चहा झाला, सगळं कबूल केलं. तीन आठवडे शांतता. मग मॅनेजर बदलला आणि नव्याला काही माहीतच नाही. तोंडी ठरलेलं काही टिकत नाही हो. आम्ही त्यानंतर एक वही केली. तारीख, वेळ, कोणता आवाज, किती वेळ, कोणी ऐकला. दोन घरांनी वेगवेगळी लिहायची. 112 ला फोन केला की तक्रारीची वेळ त्यात लिहायची, गाडी आली का, आवाज कमी झाला का, किती मिनिटांनी पुन्हा वाढला. दोन महिन्यांची वही घेऊन गेलो तेव्हा पहिल्यांदा कोणी आम्हाला खुर्ची दिली. त्याआधी "रात्री उशिरा थोडा आवाज होणारच" एवढंच ऐकत होतो.

ताईंनी लिहिलेला प्रकाशाचा आणि चौकीदाराचा मुद्दा मला पटला. आमच्या इथे हे कोणी बोललंच नाही.

सातची शाळा

सगळ्यांचे मनापासून आभार. वहीचं काम कालपासूनच सुरू केलं. एक शंका: मोबाइलवर डेसिबलचं ॲप टाकलं. रात्री साडेबाराला आमच्या खिडकीत 48 ते 52 दाखवत होतं. म्हणजे फार नाहीच. पण त्याच वेळी कपाटाची काच वाजत होती! हे कसं?

साउंडवाला, इतवारी

याचं उत्तर माझ्याकडे आहे, लग्नाचे आणि गणपतीचे साउंड लावण्यात आयुष्य गेलं. नियमातले आकडे डेसिबल ए या मापात असतात. हे माप माणसाच्या कानासारखं बनवलेलं आहे, खालचे सूर कमी धरतं. 50 हर्ट्झचा आवाज या मापात साधारण 30 डेसिबलने कमी मोजला जातो. बेस, म्हणजे गाण्यातली ती धप धप, तिथेच असतो. म्हणून मीटर शांत आणि काच वाजते. शिवाय मोबाइलच्या माइकवर भरवसा ठेवू नका, पोलिसांकडे किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जो मीटर असतो त्याचंच चालतं. आणि रहिवासी भागासाठी 45 म्हणत असाल, तर 48-52 हेसुद्धा जास्तच झालं.

उपाय सोपा आहे. सबवूफर, म्हणजे बेसचा मोठा बॉक्स, स्लॅबवर ठेवला असेल. स्लॅब हलतो, खांब हलतात, तिथून भिंतींना जातं. खाली जाड रबर द्यायला सांगा, तोंड घरांकडून फिरवायला सांगा, आणि 10 नंतर सबवूफरचं बटनच बंद. लहान स्पीकर जास्त संख्येने, टेबलाजवळ, हळू लावले तर गिऱ्हाइकाला गाणं ऐकू येतं आणि गल्लीला नाही. एक मोठा बॉक्स कोपऱ्यात लावून सगळ्या गच्चीला ऐकवायचं म्हटलं की शेजाऱ्यांना ऐकू जाणारच. लिमिटर बसवून त्याची चावी मालकाकडे ठेवता येते, म्हणजे डीजे बदलला तरी आवाज वर जात नाही.

मागताना "आवाज कमी करा" म्हणू नका. आवाज कमी केला असं तो रोज सांगेल. "10 नंतर सबवूफर बंद" म्हणा. हे कोणालाही बघून कळतं.

गल्ल्यावरचा, सदर

साउंडवाले भाऊ बरोबर सांगून राहिले. माझ्याकडे रबर लावून घेतलं, दुसऱ्या दिवशी फरक कळला.

सातची शाळा

रविवारची बैठक झाली. आमच्या अंगणातच बसलो, मालक स्वतः आले. तरुण आहेत, पहिलाच धंदा. मी आधी चौकीदाराबद्दल आणि दिव्यांबद्दल सांगितलं, कारण ते मला सांगायचंच होतं. मग वही वाचली. बाटल्यांच्या नोंदी वाचताना ते म्हणाले, "हे मला कोणी सांगितलंच नाही." मॅनेजर खाली बघत होता.

बाटल्या क्रेटमध्ये आणि सकाळी दहानंतर, हे लगेच कबूल. सबवूफर 10 नंतर बंद, हे कबूल, पण शनिवारी साडेअकरापर्यंत चालू द्या म्हणाले. काळ्या कोटांनी सांगितलेला नियम मी वाचून दाखवला आणि तिथे आम्ही हललो नाही. ते "बघतो" म्हणाले. गाड्या गल्लीत न लावण्याचंही कबूल, फक्त त्यांच्या माणसाचा पगार कोण देणार यावरून उगाच अर्धा तास गेला. शेवटची ऑर्डर पाऊणला घेण्यावर एकमत झालं नाही. त्यांनी सव्वाची वेळ सांगितली. मला ती मान्य नाही आणि मी तसं कागदावर लिहवून घेतलं, दोघांच्या सह्यांनी: ठरलेलं वर, न ठरलेलं खाली.

आडव्या बाटलीची मागणी करणाऱ्या काकांनी सही केली नाही. ते म्हणाले, तीन आठवडे बघतो. मनीषनगरवाल्यांचा अनुभव मी त्यांना वाचून दाखवला होता, म्हणून त्यांना चूक म्हणवत नाही.

त्या कागदाची प्रत आणि वहीची झेरॉक्स लावून उत्पादन शुल्कच्या कार्यालयात अर्ज दिला, पोच घेतली. माहितीच्या अधिकाराचा अर्जही टाकला. 31 तारखेला अजून वेळ आहे.

काल रात्री दोनला मी जागी होते, सवयीने. मागचं दार उघडल्याचा आवाज आला, पोरं काहीतरी बोलली, दार लागलं. ड्रमचा आवाज आला नाही. वहीत तेवढंच लिहिलं: 2.05, बाटल्या नाहीत. सासूबाईंचा कूलर उद्या लावतो आहोत, दुसरी खिडकी उघडी ठेवून. मग पुढच्या नोंदी इथे टाकते.