मदत हवी आहे: डायलिसिसच्या फॉर्मवरचे प्रश्न सासूबाईंना मराठीत कसे विचारू?

नमस्कार मंडळी, आम्ही अटलांटाजवळ राहतो. सासूबाई (वय ७१) दोन वर्षं डायलिसिसवर आहेत, आठवड्यातून ३ दिवस, दर वेळी साधारण ४ तास. इथे वर्षातून एकदा पेशंटकडून केडीक्यूओएल-३६ नावाचा ३६ प्रश्नांचा फॉर्म भरून घेतात, आजारपणात रोजचं जगणं कसं चाललंय ते कळावं म्हणून. आईंना इंग्रजी येत नाही, सेंटरने फोनवर हिंदी इंटरप्रिटर दिला पण आईंचं हिंदी भाजीवाल्याशी बोलण्यापुरतंच, मग शेवटी मलाच विचारायला सांगितलं.

टेबल सरकवणं, व्हॅक्यूम फिरवणं, गोल्फ खेळणं जमतं का, असा एक प्रश्न आहे, तिथे मी वाकून झाडू मारता येतो का असं विचारलं, ते एक वेळ ठीक. पण पुढे प्रश्न येतो की मी घरच्यांवर ओझं झालेय असं वाटतं का. आता सुनेनेच समोर बसून हे विचारलं तर कुठली सासू हो म्हणेल? आई लगेच म्हणाल्या, "छे गं, तुम्ही सगळं करताय माझं, मला काय कमी आहे". मी 'अजिबात खरं नाही' वर टिक केली. त्याच रात्री ह्यांना म्हणाल्या की मला सोलापूरला नेऊन सोड, तुमचे हाल बघवत नाहीत.

तेव्हापासून रात्री जागून वाचतेय. इथे डायलिसिसवरचे कृष्णवर्णीय पेशंट अशा फॉर्ममध्ये गोऱ्या पेशंटपेक्षा बरेचदा चांगले स्कोअर देतात म्हणे. लोकसंख्येत ते १३ टक्क्यांच्या आसपास, पण किडनी निकामी झालेल्यांत जवळपास तीनात एक. ट्रान्सप्लांट मात्र त्यांना कमी मिळतं. आणि २०२१ पर्यंत ईजीएफआरच्या (रक्ततपासणीवरून किडनी किती काम करतेय ते सांगणारा आकडा) फॉर्म्युल्यात कृष्णवर्णीयांचा आकडा मुद्दाम वाढवून धरायचे, म्हणजे किडनी आहे त्यापेक्षा बरी दिसायची आणि ट्रान्सप्लांटच्या यादीत नाव उशिरा लागायचं. त्यांची ती हुकलेली वेटिंगची वर्षं परत मोजून द्यायला २०२३ मध्ये सुरुवात झाली. इतकं सोसून स्कोअर चांगला येतो तर तो त्यांच्या श्रद्धेचा, घरच्यांच्या आधाराचा असेल, त्यावरून त्यांचं बरं चाललंय असं कसं धरायचं? आईंच्या शेजारच्या खुर्चीवरच्या कृष्णवर्णीय आजी नेहमी हसून "आय अ‍ॅम ब्लेस्ड" म्हणतात, आणि आमच्या आई "चाललंय". मला दोन्ही सारखंच वाटायला लागलंय. आणि आपण तर एशियन या एकाच चौकटीत, चिनी, फिलिपिनो, भारतीय सगळे एकत्र, त्यात सोलापूरच्या बाईचं "चाललंय" कोण वेगळं ओळखणार?

तर विचारायचंय हे की कुणी आईवडिलांसाठी हा फॉर्म मराठीत भरलाय का, 'ओझं' वाला प्रश्न कुठल्या शब्दांत विचारलात? मराठी इंटरप्रिटर मागितला तर फुकट द्यावा लागतो असं वाचलंय, कुणाला प्रत्यक्षात मिळाला का, किती दिवस आधी सांगावं लागतं? आणि इथे कुणी नेफ्रॉलॉजीत किंवा डायलिसिस सोशल वर्कर असाल तर प्लीज सांगा, भरलेला फॉर्म परत मागून उत्तर बदलता येतं का? पुढच्या गुरुवारी सोशल वर्कर आईंशी स्कोअरबद्दल बोलणार आहे, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.