गरम होणारा ट्रक घ्यावा का?

दादा, मालक म्हणतो 'फक्त हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलंय', पण गाडी तापत असताना किती पळवली हे तो सांगणार नाही. ट्रक भल्या पहाटे, इंजिन थंडगार असताना बघायला जा. आपण पोचायच्या आधीच गाडी चालू करून ठेवली असेल तर मला तरी शंका येते, कारण थंड इंजिनवर दिसणाऱ्या खुणा त्याने लपतात.

आधी डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढा. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर त्यात पाणी उतरलंय. मग चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण उघडा. भकाभका धूर आला तर लायनर-पिस्टन-रिंग गेल्यात असं धरा, म्हणजे किमान हाफ इंजिन, म्हणजे हेच भाग बदलायचं काम. क्रँकला (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याला) मार असेल तर फुल इंजिन, म्हणजे क्रँकसकट सगळं काम. हेड वाकलंय की ब्लॉकला तडा आहे, हे खोलल्याशिवाय कळत नाही, म्हणून भाव फुल इंजिनचा खर्च वजा करूनच बोला. मिस्त्री आपला न्या, मालकाचा नको.

आणि आरसीवर बोजा (गाडीवरचं कर्ज), पासिंग (फिटनेस), टॅक्स, चलन तपासा. आठ वर्षांवरच्या गाडीला पासिंग दरवर्षी लागतं. बोजा असेल तर फायनान्सची एनओसी हातात आल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नका.