नव्या शाखेत माणसं जोडायची कशी?

प्रश्न: नुकतीच बदली झाली. बँकेची शाखा लहान, तरी दुपारी जो तो मोबाईलमध्ये डोकं घालून आपापल्या टेबलावर जेवतो. बोलणं कामापुरतं. मनाला फार लागतं. सुरुवात कुठून करू?

उत्तर: डब्यापासून करा, ताई. मी एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. आमच्यात वर्तमानपत्र अंथरून सगळे डबे मधे. कुणाचा ठेचा, कुणाची शेंगदाण्याची चटणी. एखाद्याचा डबा आला नाही की न विचारता भाकरी पुढे सरकते. खंडेनवमीला पाने-हातोड्यांची पूजा असते, तेव्हा नारळ नव्या पोराच्या हातात देतो. मग तो आमचाच.

उत्तर: अडीनडीला थांबणं सगळ्यात मोठं. कॅशिअरचा हिशेब जुळत नसेल तर निघू नका, शेजारी बसा.

प्रश्नकर्ती: उद्या भाकऱ्या जास्त नेते. कॅशिअर बाईंनाच आधी बोलावते.