समूहगानात तुमचा आवाज कुठे होता?

परवा लेकीच्या शाळेचं स्नेहसंमेलन झालं. चाळीस मुलांनी मिळून समूहगान म्हटलं. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून रोज मधल्या सुट्टीत तालीम चालली होती, घरी ऐकून ऐकून ती चाल मलाही पाठ झाली. नाच झाले, नाटुकली झाली, पण परतताना रिक्षात आम्ही मायलेकी गुणगुणत होतो ते समूहगानच. तुम्हीही कधी त्या रांगेत उभे राहिला असाल, किंवा कुणाला शिकवलं असेल. लिहा ना. आवडलेलं लिहा, मनाला लागलेलंही लिहा.

*

मी आठवीत होतो. तालमीत सर कान देऊन रांगेतून फिरायचे. माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "तू नुसते ओठ हलव. आवाज काढू नकोस." संमेलनात मी शेवटच्या रांगेत उभा राहून पूर्ण गाणंभर ओठ हलवले. आई पुढच्याच खुर्च्यांवर होती. घरी आल्यावर म्हणाली, "तुझा आवाज अगदी वेगळा ओळखू आला हो मला." मी मान डोलावली. आई जाऊन नऊ वर्षं झाली, तिला खरं सांगायचं राहूनच गेलं.

त्यानंतर कित्येक वर्षं गणपतीची आरतीसुद्धा मी तोंडातल्या तोंडात म्हणायचो. चाळिशीत गावच्या भजनी मंडळात गेलो, तो टाळ वाजवायला म्हणून. बुवा ओळ म्हणतात, टाळकरी ती मागून उचलतात. तिथे कुणी कान लावून फिरत नाही. एका एकादशीला मी ओळ उचलली आणि शेजारच्या काकांनी न बघता माझ्या पाठीवर हात ठेवला.

*

वरचं वाचून हातातला चहा तसाच राहिला. मी रत्नागिरी जिल्ह्यात एकतीस वर्षं संगीत शिकवलं. नोकरीच्या सुरुवातीला दोन-तीन मुलांना मीही हेच सांगितलंय. स्पर्धेत नंबर हवा होता. त्या मुलांची मी आज माफी मागते.

पुढे कळलं की त्यातली बहुतेक मुलं बेसूर नव्हतीच, पट्टी, म्हणजे पेटीवर सा जिथून धरायचा ती जागा, त्यांची नव्हती. पाचवी-सहावीच्या मुलींना काळी चार, काळी पाच, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या-पाचव्या काळ्या पट्टीचा उंच सा, सहज जाते. मुलाचा आवाज फुटायला लागला की त्याच पट्टीत त्याचं धड वर जमत नाही, धड खाली जमत नाही. वरच्या सा पर्यंत गेला की आवाज फाटतो, खाली उतरला की बाकीच्यांपासून सुटतो. मग मी अशा मुलांना अंतऱ्यात गप्प न बसवता खालचा सा आणि पंचम (प) धरून ठेवायला द्यायला लागले. ध्रुवपद सगळ्यांचं. गाणं असं भरून यायचं की पेटीची गरज वाटू नये.

संगीतकार वसंत देसाईंनी 1971 च्या 'गुड्डी' चित्रपटासाठी केलेली 'हमको मन की शक्ति देना' ही प्रार्थना शाळाशाळांत का टिकली? मला वाटतं, ती एका कसलेल्या गळ्यासाठी नाही, अख्ख्या वर्गाच्या गळ्यासाठी बांधलेली आहे.

*

आमच्या वेळी ऐन गाण्यात लाइट गेली. माइक बंद, अंधार. कुणी थांबलं नाही. तबला वाजवणाऱ्या दादाने ठेका जरा जोरात धरला, एवढंच.

*

अमेरिकेत रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. 'जय जय महाराष्ट्र माझा' 2023 साली राज्यगीत झालं, तेव्हापासून आमच्या वार्षिक कार्यक्रमाचा शेवट त्यानेच होतो. मुलांचं घोडं अडतं ते 'ळ'वर. 'खेळ'चं 'खेल' होतं. जीभ उलटी वळवून टाळूला लावा आणि सोडा, असं आरशासमोर करून घेते. यंदा एका सहा वर्षांच्या मुलाला तो जमला आणि पूर्ण कार्यक्रमभर तो जिथे तिथे 'ळ' घालत होता. त्याची आजी व्हिडिओ कॉलवर सांगलीहून डोळे पुसत होती.

*

बाई, मी तो आठवीतला. तुमचं उत्तर काल रात्री दोनदा वाचलं. आज भजनानंतर पेटीवाल्यांना विचारलं, माझी पट्टी कुठली. त्यांनी दोन-तीन स्वर धरून बघितले आणि म्हणाले, काळी एक. शाळेत आम्हाला काळी पाचला गायला लावलं होतं.