उत्क्रांतीवरची जाहीर व्याख्यानं: गोष्टी कमी करा, एक हाड नीट दाखवा

उकरणारी
विद्यापीठांनी सर्वांसाठी खुली ठेवलेली मानवशास्त्र आणि पुरातत्त्वावरची व्याख्यानं सध्या झपाटल्यासारखी ऐकतेय. बहुतेकांचा साचा एकच. आफ्रिकेचा नकाशा, ल्यूसी (मानवाच्या पूर्वजकुळातल्या मादीचा जीवाश्म सांगाडा), निअँडरथल (नामशेष झालेले आपले भाऊबंद), गुहाचित्रं, टाळ्या. "३२ लाख वर्षांपूर्वीची ही ल्यूसी दोन पायांवर चालायची." बरं, कशावरून? ते कुणी सांगतच नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

ल्यूसी सापडली १९७४ साली. त्याच्या आदल्या वर्षी इथिओपियात हदारलाच मानवशास्त्रज्ञ डोनाल्ड जोहान्सन यांना नुसता गुडघ्याचा एक सांधा मिळाला होता. आपलं मांडीचं हाड कमरेपासून गुडघ्याकडे आत तिरकं येतं, म्हणून चालताना पाऊल शरीराच्या मध्याखाली पडतं. चिंपांझीचं जवळजवळ सरळ खाली उतरतं, म्हणून तो दोन पायांवर चालू लागला की झोकांड्या खातो. हदारचा सांधा, ल्यूसीच्याच जातीचा, आपल्यासारखा तिरका होता. एवढं सांगायला पाच मिनिटं लागतात, आणि ऐकणारा नकळत स्वतःच्या मांडीवर हात फिरवून बघतो. निम्म्या गोष्टी गाळा, पण हे दाखवा.

संध्याकाळचा श्रोता
साफ असहमत. दिवसभर राबून आलेल्या माणसाला सांध्याचे कोन दाखवलेत तर पुढच्या वेळी खुर्च्या रिकाम्या. माणूस गोष्टीसाठी येतो. "कशावरून?" हा प्रश्न त्याला घरी जाताना पडतो, आणि पडला तर तो वाचेल की. सभागृहात तुमच्यासारखे दर्दी चार, बाकी आम्ही.

ठिकरी
@संध्याकाळचा श्रोता, डार्विनचे खंदे समर्थक जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सले यांनी १८६२ मध्ये लंडनला खास कामगारांसाठी सहा व्याख्यानं दिली. डार्विनचा ग्रंथ येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. तेही दिवसभर राबूनच आले असणार ना? श्रोत्याला झेपणार नाही हे वक्ते आधीच ठरवून टाकतात, हा माझा राग आहे.

संध्याकाळचा श्रोता
हक्सले हक्सले होते हो. आमच्या वाट्याला स्लाइड वाचून दाखवणारे येतात.

शंकासुर
मला वेगळीच काळजी आहे. व्याख्यान एकदा रेकॉर्ड झालं की गोठतं, विषय मात्र पुढे सरकतो. दक्षिण आफ्रिकेतल्या रायझिंग स्टार गुहेतला होमो नालेदी, म्हणजे नामशेष झालेली एक मानवजात, २०१५ मध्ये जाहीर झाला, तेव्हा त्याचं वय ठाऊकच नव्हतं. छोटा मेंदू बघून काहींनी २० लाख वर्षं वगैरे अंदाज बांधले. २०१७ मध्ये कालमापन झालं आणि आकडा निघाला २,३६,००० ते ३,३५,००० वर्षं! म्हणजे मोरोक्कोत जेबेल इरहूदला आपल्याच जातीची माणसं वावरत होती, साधारण तोच काळ. आता २०१६ चं एखादं झकास व्याख्यान आज कुणी ऐकलं, तर तो जुनाच अंदाज पाठ करणार. त्यात "कशावरून" सांगितलं असेल, तर निदान अंदाज कशाच्या जोरावर होता ते तरी कळेल.

मोडी
मग वादातलं सांगूच नका ना! नालेदी आपले मृत पुरत होते, हा दावा २०२३ मध्ये आला. शोधनिबंधाच्या परीक्षकांनी पुरावा अपुरा असल्याचं उघड लिहिलं, पण तोवर बातमी जगभर फिरून आली होती. दहा-वीस वर्षं मुरलेलं तेवढंच जाहीर व्यासपीठावर यावं.

उकरणारी
@मोडी, मुरण्याचं कौतुक नका सांगू. इंग्लंडमधली पिल्टडाउनची कवटी मोठ्या मेंदूच्या मानवपूर्वजाची म्हणून १९१२ पासून १९५३ पर्यंत मुरली आणि निघाली बनावट. उलट रेमंड डार्ट यांनी १९२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या टाउंगच्या बालकाची, लहान मेंदूच्या पूर्वजाची कवटी मांडली, ती खरी, आणि तिच्याकडे मोठमोठ्यांनी वर्षानुवर्षं नाक मुरडलं. पिल्टडाउनमुळे सगळ्यांना आधी मोठा मेंदू हवा होता, हे त्यामागचं एक कारण. वीस वर्षांची अट लावली असती तर १९३५ च्या श्रोत्याला पिल्टडाउन मिळालं असतं, टाउंग नाही.

मोडी
उदाहरण चपखल आहे, मान्य. तरी दर महिन्याला नवा पूर्वज ऐकून लोक शेवटी म्हणतात, "यांना काहीच माहीत नाही." त्या नुकसानाची भरपाई कोण करणार?

कोरी पाटी
इथे सगळे "हाड दाखवा" म्हणताहेत. कुणाचं हाड? अमेरिकेत कोलंबिया नदीकाठी १९९६ मध्ये केनेविकचा सांगाडा मिळाला, सुमारे साडेआठ हजार वर्षांपूर्वीचा. तिथल्या आदिवासी जमाती सांगत होत्या, हा आमचा पूर्वज आहे, त्याला पुरू द्या. अभ्यासक कोर्टात गेले आणि जिंकले. २०१५ मध्ये डीएनएने जमातींचंच म्हणणं खरं ठरवलं, आणि २०१७ मध्ये त्याचं दफन झालं. मधली वीसेक वर्षं ती कवटी किती पडद्यांवर झळकली असेल? कुणाच्या तरी आजोबांची कवटी टाळ्यांसाठी दाखवताना वक्त्याला काहीच वाटू नये?

उकरणारी
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण ल्यूसीचं काय? ३२ लाख वर्षांनंतर वारस कोण?

शंकासुर
मग रेघ कुठे मारायची? नऊ हजारांवर, नव्वद हजारांवर?

कोरी पाटी
मी कोण रेघ मारणार. ज्यांचं आहे त्यांना आधी विचारा, इतकंच.

उकरणारी
आणि प्लास्टरचा साचा? गुडघ्याचा?

कोरी पाटी
साचा चालेल. पण मूळ हाड कुठलं, आता कुठे ठेवलंय, हेही त्याच स्लाइडवर लिहा.

संध्याकाळचा श्रोता
आणि अक्षर जरा मोठं ठेवा. आम्ही मागच्या रांगेत बसतो.