बारा तासांचा ठोक पगार कायद्यात बसतो का?

मस्टरवाली, शहापूर
बेळगावच्या उद्यमबाग-मच्छेतल्या चार लहान कारखान्यांचे पगार मी काढते. मालक मनाने वाईट नाहीत, गणपतीला न मागता उचल देतात. पण चूक चौघांचीही एकच: "बारा तास, महिना अठरा हजार, ठोक." जादा कामाला दुप्पट दर लागतो. म्हणजे वरच्या चार तासांचे पैसे मूळ आठ तासांइतकेच झाले. अठरा हजार अर्धे करा, आठ तासांच्या वाट्याला नऊ हजार. किमान वेतनाच्या कितीतरी खाली! अठरा हजार ऐकायला बरे वाटतात म्हणून हा भागाकार कुणी करतच नाही, याचा मला फार त्रास होतो.

फौंड्रीवाला
ताई, टेबलावर बसून भागाकार सोपा आहे. कास्टिंगचा (भट्टीतून ओतलेल्या मालाचा) दर गिऱ्हाईक कंपनी ठरवते, बिल तीन-तीन महिने अडकतं, माल रिजेक्ट झाला तर भट्टीची वीज माझ्या अंगावर. आणि पोरंच येऊन म्हणतात, "मालक, आठ तासांत भागत नाही, बारा लावा." नाही म्हटलं तर उद्या कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या कारखान्यांत जातील. दोघांच्या राजीखुशीने ठरलेलं चूक कसं? कर्नाटकाने २०२३ मध्ये दिवसाला बारा तासांना मुभाही दिली होती.

मस्टरवाली, शहापूर
मुभा दिवसाच्या तासांना मिळाली, आठवड्याचे ४८ तसेच राहिले. सहा दिवस बारा-बारा भरले तर ७२ होतात, वरचे २४ दुप्पट दरानेच. आणि राजीखुशीने किमान वेतन सोडता येत नाही, कामगाराने सही करून दिली तरी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, म्हणजे पगाराचा नवा केंद्रीय कायदा, लागू आहे. तीन वर्षांपर्यंतचा दावा करता येतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करायचं मालकाने. तुमच्या वहीत 'रोख दिले' यापलीकडे काय लिहिलंय?

फेटलिंगवाला, येळ्ळूर
फेटलिंग म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायचं माझं काम, पाळी साडेआठची. पण सव्वाआठलाच जाऊन कालची वाळू झाडायची, ग्राइंडरचं व्हील बदलायचं. कार्ड पंच होतं साडेआठला. रोजची पंधरा मिनिटं, २६ दिवसांचे साडेसहा तास. कुठल्याच मस्टरवर नाहीत.

खानापूरकर
आमच्याकडे पगाराच्या दरांचा तक्ता कन्नड-इंग्रजीत लागायचा. बाबांना वाचता यायची फक्त मराठी. बहुतेक कामगारांना समजेल त्या भाषेतही सूचना लावा, असं १९४८ च्या कारखाना कायद्यातच होतं.

फौंड्रीवाला
तपासणीला येणारे साहेब कन्नड वाचतात, म्हणून कन्नड. मराठीही लावतो, त्याला माझी ना नाही. पण दुप्पट दर दिला तर दोघांना कमी करावं लागेल. कुणाला काढू, तुम्हीच सांगा.

मस्टरवाली, शहापूर
कुणालाच नको. तुमच्यासारख्याच एका ठिकाणी मी तीन महिन्यांचं मस्टर आणि हीटची (भट्टीतल्या प्रत्येक वितळणीची) वही शेजारी ठेवून पाहिली. आठवड्यातले दोन दिवस दुपारनंतर मोल्ड (ओतकामाचे साचे) तयार नसायचे, पोरं बसून असायची. तिथे मोल्डिंगची पाळी आधी लावली, मूळ पगार आठ तासांचा लिहिला. आता ओटी (जादा काम) फक्त हीट लांबेल त्या दिवशी.

फेटलिंगवाला, येळ्ळूर
आणि ती पंधरा मिनिटं?

मस्टरवाली, शहापूर
सव्वाआठलाच पंच करायचं.