मदत हवी आहे: महेश्वरच्या वाटेवरचा धर्मशाळेतला मुंजा

नमस्कार मंडळी. अहिल्यादेवींच्या काळात (१७६७ ते १७९५) राजधानी महेश्वरला होती, त्यामुळे इंदूरहून जाम घाट उतरणारी वाट वर्दळीची. आजी त्या वाटेवरच्या एका धर्मशाळेची गोष्ट सांगायची. आवारातल्या पिंपळावर मुंजा. मध्यरात्री ओसरीवर झोपलेल्याचं पांघरूण ओढून पाणी मागायचा, लोटाभर ओतलं की गप्प. मुंज होऊन लग्नाआधीच गेलेलं पोर ते, आजीला त्याची भीती नव्हे, कीवच यायची.

ही गोष्ट मला नीट लिहून ठेवायची आहे. इंदूर-महूकडच्या कुणी घरी ऐकली आहे का? धर्मशाळा नेमकी कोणती? ऐकीव माहितीही चालेल, फक्त सांगणाऱ्याचं गाव कळवा. घरात वडीलधारे असतील तर कृपया आजच विचारा.